फळ्यांच्या खाली बघा

‘डेक कुजलाय, कुणी चांगला सुतार माहीत आहे का?’ पाऊस उघडला की बंगळुरूच्या व्हाइटफील्डमधल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अशी विचारणा ठरलेलीच. कुजलाय तो डेक आणि हवाय तो सुतार, या दोन्ही गोष्टी विचारणारा गृहीत धरून चाललेला असतो. बहुतेक वेळा दोन्ही चुकतात.

आधी डेक म्हणजे काय ते बघू. न्यू जर्सीतल्या मावसभावाच्या घरामागे असतो तो डेक म्हणजे स्वतंत्र बांधकाम. जमिनीत काँक्रीटचा पाया, त्यावर खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर वासे आणि वाशांवर फळ्या. एक बाजू घराच्या भिंतीला एका जाड आडव्या फळीने जोडलेली असते. तिकडे डेक कोसळल्याच्या बातम्या येतात तेव्हा अनेकदा हाच जोड सुटलेला असतो. यूट्यूबवरचे दुरुस्तीचे धडे असतात ते या डेकचे. व्हाइटफील्डमधल्या फ्लॅटच्या माहितीपत्रकात ‘सनडेक’ म्हणून मिरवतो तो मात्र बाल्कनीचा किंवा गच्चीचा साधा स्लॅब असतो. त्यावर वॉटरप्रूफिंग, त्यावर उताराचा थर, त्यावर लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या चौकोनी पाइपांची चौकट आणि सगळ्यात वर फळ्या. इथे डेक कोसळत नाही, गळतो. आणि गळतो तो खालच्याच्या बेडरूममध्ये.

‘फळ्या बदलल्या की गळती थांबेल’ हा म्हणूनच सगळ्यात महागात पडणारा गैरसमज आहे. फळ्यांमध्ये फटी मुद्दाम ठेवलेल्या असतात, पाणी खाली जावं म्हणूनच. ते अडवायचं काम फळ्यांखालच्या थराचं आणि ते बाहेर काढायचं काम उताराचं. मीटरला निदान एक सेंटिमीटर उतार हवा आणि तो पाणी बाहेर नेणाऱ्या जाळीकडे हवा. माझ्या बाल्कनीत चौकट बसवणाऱ्याने ती हलू नये म्हणून स्लॅबमध्ये चांगले वीसेक अँकर बोल्ट ठोकले. काम देखणं झालं. पुढच्या पावसात खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मला त्यांचं छत दाखवलं. प्रत्येक बोल्ट वॉटरप्रूफिंगच्या थरातून आरपार गेला होता आणि त्या थराला भोकं पाडायचे पैसे मीच दिले होते. आता जाणकार माणसं चौकट स्लॅबला न ठोकता रबरी किंवा प्लास्टिकच्या, उंची कमी-जास्त करता येणाऱ्या पायांवर नुसती ठेवतात. डेकचं वजनच तिला जागेवर धरतं. शिवाय जाळीच्या वरचा तुकडा उचलता येईल असा ठेवून घ्या. पानं तिथेच अडकतात, आणि फळ्यांखाली साचलेलं पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासांची पाळणाघरं.

त्यामुळे दुरुस्तीचा क्रम उलटा असतो. फळ्या काढायच्या, चौकट उचलायची, जाळीला बूच मारून दोन-अडीच इंच पाणी भरायचं आणि निदान 48 तास तसंच ठेवायचं. खाली डाग उमटला नाही, तर सुताराला बोलवा. उमटला, तर आधी वॉटरप्रूफिंगवाला.

‘सागवान आहे, त्याला काय होतंय?’ बल्लारशाच्या सागवानाचा अभिमान असलेल्या आपल्या लोकांना हे पटवणं अवघड जातं. पण टिकतो तो सागाचा मधला गडद गाभा. बाहेरच्या फिकट थराला वाळवीही लागते आणि बुरशीही, आणि स्वस्त कोटेशनमध्ये हाच फिकट माल जास्त असतो. लाकूड राखाडी पडणं म्हणजे मात्र कुजणं नव्हे. तो उन्हाचा वरवरचा परिणाम आहे. परीक्षा साधी आहे. स्क्रू ड्रायव्हरचं टोक फळीच्या कडेला आणि स्क्रूच्या भोवती दाबून बघा. ते मऊसर आत गेलं तरच फळी गेली. उघड्यावरच्या लाकडाला पॉलिशचा चकचकीत थर देऊ नका, तो पोपडे धरून निघतो. आत मुरणारं तेल वर्षातून एकदा द्यावं. लाकूड नक्की कुठलं याची शंका असेल, तर मल्लेश्वरमला काष्ठ विज्ञानाची केंद्र सरकारची संशोधन संस्था आहे आणि ती नमुन्यावरून लाकूड ओळखून देते. मोठं काम असेल तर एवढी खेप घालावी.

‘मग डब्ल्यूपीसी घ्या, काही बघायलाच नको,’ असं दुकानदार सांगतो. डब्ल्यूपीसी (वुड-प्लास्टिक कॉम्पोझिट) या एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. स्वयंपाकघरातल्या कपाटांना वापरतात तो फुगवलेल्या पीव्हीसीचा हलका बोर्ड. डेकची फळी वेगळी, लाकडाचा भुसा आणि पॉलिथिन मिळून बनवलेली, जड. ती सहजी कुजत नाही, पण उन्हात लांबीने वाढते, म्हणून टोकांना फट हवी. ती लाकडापेक्षा लवचीकही असते, म्हणून खालचे आधार फूट-सव्वाफुटावर हवेत. कंत्राटदार पाइप वाचवायला हेच अंतर वाढवतो आणि मग दोन वर्षांत फळ्या झोळी धरतात. दुपारी दोनला अनवाणी चालायची सोय तर कुठल्याच डब्ल्यूपीसीवर नाही.

वजनाचं आणि कठड्याचं कोणी विचारतच नाही. भारतीय मानकात (आयएस 875, भाग 2) घराच्या बाल्कनीसाठी चौरस मीटरला सुमारे 300 किलो भार धरतात, वापरातल्या गच्चीसाठी मात्र सुमारे 150. फूटभर ओल्या मातीचा वाफा चौरस मीटरला 500 किलोच्या पुढे जातो. म्हणजे गच्चीवर डेक करून कडेला बाग करायची हौस असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर, मग नर्सरी. कठड्याचं गणित याहून सोपं आणि जास्त घातक आहे. एक मीटरचा कठडा असलेल्या बाल्कनीत सहा इंचांचा डेक चढवला की कठडा 85 सेंटिमीटरचा उरतो. घरात लहान मूल असेल तर ही मोजणी टेपने करा, अंदाजाने नको.

पाच वर्षांच्या आतल्या फ्लॅटला आणखी एक गोष्ट लागू होते. रेरा कायद्याच्या कलम 14 नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत रचनेतला किंवा कामातला दोष लक्षात आणून दिला, तर बिल्डरने तो 30 दिवसांत पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो. मूळ स्लॅबच गळत असेल तर आधी लेखी तक्रार करा. स्वतः फोडाफोड केली की बिल्डरला ‘हे तुमच्या माणसाने बिघडवलं’ म्हणायला आयतं निमित्त मिळतं. सोसायटीची, म्हणजे इथल्या भाषेत असोसिएशनची, लेखी परवानगीही कामाला हात लावण्याआधीच घ्यावी.

कंत्राटदार निवडताना आपण तीन कोटेशनं मागवतो आणि मधलं घेतो. यात शहाणपण काही नाही, कारण तिघांनी तीन वेगवेगळी कामं लिहिलेली असतात. कागदावर नुसतं ‘डेक, अमुक रुपये चौरस फूट’ असेल तर तो कागद परत द्या. वॉटरप्रूफिंगचं उत्पादन आणि किती हात, चौकटीच्या पाइपची जाडी, दोन आधारांमधलं अंतर, स्क्रू स्टेनलेसचे आणि 304 प्रतीचे, आणि पाणी भरून चाचणी घेण्याचे दिवस एवढं लिहिलेलं हवं. कोपऱ्यावरचा मेस्त्री वाईट आणि ॲपवरून आलेला ‘टीम लीडर’ चांगला, असं समीकरण नाही. ॲपवाल्याकडूनही शेवटी तसाच एखादा मेस्त्री येतो. दोघांनाही एकच सांगायचं: मागच्या महिन्यातलं काम नको, दोन पावसाळे खाल्लेलं काम दाखव. आणि पैशाचा मोठा हप्ता फळ्या बसल्यावर नाही, तर फळ्या बसण्याआधी, चौकट आणि उतार उघडे असताना फोटो काढून झाल्यावर द्यायचा.

राहिलं कॅलेंडर. पुण्या-मुंबईचा माणूस सवयीने अशी कामं मेमध्ये काढतो. बंगळुरूत एप्रिल-मेमध्येच वळवाच्या सरी जोर धरतात, सप्टेंबर-ऑक्टोबर सगळ्यात ओले जातात आणि ईशान्य मोसमी पाऊस नोव्हेंबरात रेंगाळतो. ओल्या स्लॅबवर केलेलं वॉटरप्रूफिंग बहुतेक वेळा फुगून सुटतं. स्लॅब खरोखर कोरडा मिळतो तो जानेवारी ते मार्च. म्हणजे कोटेशनं डिसेंबरात मागवायची.