मायोसिनची पावले

सूक्ष्मदर्शक म्हटला की भिंग आणि प्रकाश ही जोडी आपण गृहीतच धरतो. परंतु गेर्ड बिनिग, कॅल्व्हिन क्वेट आणि ख्रिस्तोफ गर्बर यांनी 1986 साली जगापुढे मांडलेल्या अणुबल सूक्ष्मदर्शकात प्रतिमा घडविण्याचे काम भिंगाकडे नाहीच. लवचीक पट्टीच्या अग्रावरील, काही नॅनोमीटरचे टोक असलेली सुई नमुन्यावरून फिरवायची आणि पट्टी किती वाकली याची नोंद तिच्या पाठीवरून परावर्तित होणाऱ्या लेसरकिरणावरून घ्यायची, असा हा आंधळ्याने चेहरा चाचपून ओळखावा तसा कारभार.

जीवशास्त्राला यात खरी मोहिनी आहे ती ही, की नमुना निर्वात पोकळीत सुकवावा वा गोठवावा लागत नाही. क्षारयुक्त द्रवात प्रथिने आपला व्यवहार बिनदिक्कत चालू ठेवतात. चिकटपट्टीने पापुद्रा ओढून काढलेला अभ्रकाचा ताजा, नितळ पृष्ठभाग, त्यावर मेदरेणूंचा द्विस्तर, त्यावर ॲक्टिनचा तंतू, अशी बैठक मांडून जपानच्या कानाझावा विद्यापीठातील तोशिओ आंदो यांच्या चमूने 2010 साली मायोसिन-5 या द्विपाद प्रथिनाची चाल अतिवेगवान यंत्राने टिपली. मागचा पाय सुटतो, पुढे झेपावतो आणि सुमारे 36 नॅनोमीटरचे पाऊल पडते. तोवर अप्रत्यक्ष पुराव्यांवरून मानलेली ही गोष्ट चलच्चित्रात उमटली. मला अधिक कौतुक वाटते ते पुढच्या पायाचे: कधीकधी तो क्षणभर सुटून पुन्हा तिथेच टेकतो, जणू जागच्या जागी आपटतो!

अर्थात, सुईला पृष्ठभागच कळतो; पेशीच्या अंतरंगातील घडामोडींसाठी प्रकाशाचेच साहाय्य घ्यावे लागते.