जागा राहिलेला संगणक आणि विजेचा हिशेब

जयपूरचे जंतरमंतर पाहावयास गेलेला प्रवासी सम्राटयंत्रापाशी आला म्हणजे क्षणभर स्तब्ध होतो. महाराजा सवाई जयसिंह यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात उभारलेले हे छायायंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे. त्याच्या तिरप्या भिंतीची सावली बाजूच्या वक्र पट्टीवरून दर सेकंदास सुमारे एक मिलिमीटर सरकते. आपण उभे राहून पाहत असता काळ डोळ्यांदेखत पुढे जातो. या यंत्रास इंधन लागत नाही, त्याचे देयक कोणी धाडीत नाही, आणि सूर्य मावळला की ते आपोआप विश्रांती घेते.

याच नगरातील घराघरांत आज दुसऱ्या जातीचे गणनयंत्र येऊन बसले आहे. ते म्हणजे संगणक. मुलांचा अभ्यास, दुकानाचे हिशेब, परगावच्या आप्तांशी बोलणे, अशी नाना कामे तो करतो. परंतु विश्रांती घेण्याचे त्याला आपणच सांगावे लागते, आणि पुष्कळ घरांत ते सांगावयाचे राहून जाते. माणसे निजतात, संगणक मात्र जागा राहतो. या जागरणाची किंमत किती, हा प्रश्न आपण येथे विचारात घेणार आहोत.

शक्ती आणि काळ

विजेचा व्यय दोन गोष्टींवर अवलंबून असतो. उपकरण किती वेगाने वीज घेते, ही पहिली गोष्ट. ती वॅटमध्ये मोजतात. ते किती वेळ चालते, ही दुसरी. या दोहोंचा गुणाकार म्हणजे एकूण व्यय. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले म्हणजे एक किलोवॅट-तास वीज खर्च होते. यालाच व्यवहारात आपण एक युनिट म्हणतो.

आपली चूक होते ती येथेच. पाणी तापविण्याचे यंत्र किंवा वातानुकूलन यंत्र दीड-दोन हजार वॅट घेते, म्हणून त्याकडे आपले लक्ष असते. संगणक त्या मानाने फारच थोडी वीज घेतो, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. परंतु गुणाकारातील एक संख्या लहान असली तरी दुसरी मोठी असल्यास फळ लहान राहत नाही. थेंबे थेंबे तळे साचते, तसे ते थेंबे थेंबे रितेही होते.

एका घराचा हिशेब

जयपूरच्या एखाद्या मध्यमवर्गीय कुटुंबाची आपण कल्पना करू. त्यांच्या घरी मेजावरचा संगणक आहे. पडद्यासह, काही विशेष काम चालू नसताना, तो ८० वॅट घेतो असे धरू. सामान्य घरगुती संगणकाच्या बाबतीत हा आकडा अवास्तव नव्हे; जुन्या पद्धतीचा छताचा पंखाही जवळजवळ एवढीच, म्हणजे सुमारे ७५ वॅट वीज घेतो. मांडीवर ठेवावयाचा लहान संगणक पुष्कळ कमी, बहुधा १० ते ३० वॅटच्या दरम्यान घेतो.

दिवसाकाठी त्या घरी संगणकावर आठ तास काम होते. उरलेले सोळा तास तो नुसताच चालू असतो. ८० वॅट गुणिले १६ तास म्हणजे १,२८० वॅट-तास, अर्थात १·२८ युनिट. तीस दिवसांच्या महिन्यात ही ३८·४ युनिटे होतात, आणि वर्षात सुमारे ४६७. उदाहरणासाठी युनिटास ७ रुपये दर धरला तर महिन्यास सुमारे २६९ रुपये आणि वर्षास सुमारे ३,२७० रुपये, केवळ रिकाम्या जागरणापायी जातात. वाचकांनी आपल्या देयकावरील दर घालून हाच हिशेब पुन्हा करून पाहावा.

तो करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. घरगुती विजेचे दर पायऱ्यापायऱ्यांचे असतात. आरंभीची युनिटे स्वस्त आणि पुढची अधिकाधिक महाग, असा त्यांचा सर्वसाधारण क्रम असतो. त्यामुळे जी युनिटे वाचविता आली असती ती नेहमी सर्वांत वरच्या, महाग पायरीवरची असतात. हिशेबात सरासरी दर घेणाऱ्यास हा तोटा कमी भासतो.

तथापि प्रमाणाचे भान सुटू नये. दीड हजार वॅटचे वातानुकूलन यंत्र एका तासात जेवढी वीज घेऊ शकते, तेवढी घेण्यास आपल्या या संगणकास पावणेएकोणीस तास लागतात. घरातील विजेचा सर्वांत मोठा चोर संगणक नव्हे. परंतु ज्या व्ययापासून कोणालाच काही मिळत नाही, असा तो व्यय आहे. रिकाम्या खोलीत पंखा फिरत असलेला पाहून आपण उठून तो बंद करतो. संगणकाचे पाते दिसत नाही, एवढाच काय तो भेद.

निष्क्रिय यंत्रास वीज कशास लागते?

काम नसताना संगणक वीज का घेतो, असा प्रश्न येथे साहजिकच उद्भवतो. याचे एक कारण त्याच्या स्मृतीच्या रचनेत आहे. चालू कामाची माहिती ज्या स्मृतीत असते ती असंख्य सूक्ष्म विद्युत्-साठवणींची बनलेली असते. या साठवणी गळक्या मडक्यांसारख्या असतात. त्यांतील विद्युत्भार सतत झिरपून जातो. म्हणून ती मडकी एका सेकंदात अनेक वेळा पुन्हा भरावी लागतात. वीज थांबताच त्यांतील सारे पुसले जाते. याशिवाय आतील पंखा फिरत असतो, तबकडी असल्यास तीही फिरत असते, पडदा उजळलेला असतो, आणि घरातील विजेचे रूपांतर करणाऱ्या भागात काही ऊर्जा वाया जातच असते.

यावरून संगणकाच्या निद्रेचे दोन प्रकार समजतात. हलक्या झोपेत बाकीचे सर्व भाग बंद होतात, पण मडकी भरण्याचे काम तेवढे चालू राहते. त्यासाठी बहुधा एक ते तीन वॅट पुरतात. गाढ झोपेत चालू कामाची नोंद कायमच्या साठ्यात उतरवून स्मृतीही बंद केली जाते. अशा वेळी व्यय जवळजवळ पूर्ण बंद केल्यासारखाच होतो, आणि जागे झाल्यावर काम सोडले होते तेथूनच पुढे सुरू करता येते.

उष्णतेचा दुहेरी भार

संगणकात शिरलेली सारी वीज अखेर उष्णतेच्या रूपाने खोलीतच बाहेर पडते. स्वस्थ बसलेला माणूस सुमारे शंभर वॅट उष्णता देतो. तेव्हा ८० वॅटचा संगणक जागा ठेवणे म्हणजे खोलीत जवळजवळ एक माणूस अधिक बसविणे होय. जयपूरचा पारा मे-जून महिन्यांत चाळीस अंशांच्या वर जातो. तेथे हा बिनबोलावलेला पाहुणा कोणास हवा असेल? खोलीत वातानुकूलन यंत्र चालू असेल, तर ही उष्णता बाहेर टाकण्यास तिच्या सुमारे एक तृतीयांश इतकी वीज आणखी लागते. म्हणजे आधी खोली तापविण्यास पैसे द्यावयाचे, आणि मग तीच निवविण्यास.

तीन गैरसमज

पहिला गैरसमज असा की, संगणक सुरू करताना इतकी वीज लागते की तो चालूच ठेवलेला बरा. सुरू होताना मिनिटभर १५० वॅट लागले असे धरले, तरी तो व्यय अडीच वॅट-तास होतो. रिकामा संगणक दोन मिनिटांत तेवढी वीज घेतो.

दुसरा असा की, पडद्यावर हलती चित्रे आली म्हणजे वीज वाचते. जुन्या काचनळीच्या पडद्यावर एकच चित्र फार काळ राहिल्यास त्याचा डाग कायम उमटे. तो टाळण्यासाठी ही युक्ती निघाली. विजेच्या बचतीशी तिचा संबंध नाही.

तिसरा असा की, रोज बंद केल्याने यंत्र लवकर झिजते. दिवसातून एकदोन वेळा बंद-चालू होणे आजच्या यंत्रांस सहज सोसते. मात्र योग्य आज्ञा न देता एकदम वीज तोडणे अपायकारक ठरू शकते. तसे कधी करू नये.

मापकापाशी एक प्रयोग

हा विषय केवळ वाचून सोडून देण्याचा नाही. आजच्या पुष्कळ वीजमापकांवर एक लहान तांबडा दिवा मिचकतो, आणि तो एका युनिटास किती वेळा मिचकतो ती संख्या शेजारी छापलेली असते. ती ३,२०० आहे असे समजा. वडील माणसांच्या संमतीने घरातील इतर सर्व उपकरणे बंद करावीत, संगणक तेवढा चालू ठेवावा, आणि दोन मिचकावण्यांमध्ये किती सेकंद जातात ते घड्याळावर पाहावे. छत्तीस लाखांस ३,२०० आणि ते सेकंद यांच्या गुणाकाराने भागले की वॅट मिळतात. १४ सेकंद लागल्यास उत्तर सुमारे ८० येते. मग संगणकास झोपवून पुन्हा पाहावे. दिवा इतक्या विलंबाने मिचकेल की वाट पाहण्याचा कंटाळा येईल. काही मापके तर इतक्या अल्प प्रवाहाची दखलही घेत नाहीत. एका युनिटाचा अर्थ विद्यार्थ्यांना या दहा मिनिटांत जितका उमगेल, तितका पाठांतराने उमगणार नाही.

रात्रीची वीज

जयपूरच्या घरात येणारी वीज दिवसा आणि रात्री सारखीच दिसते, पण तिचे कूळ सारखे नसते. राजस्थानला सूर्य उदार आहे. फलोदीजवळ भडला येथे वाळवंटात उभारलेल्या सौरक्षेत्राची क्षमता २,२४५ मेगावॅट आहे. परंतु सूर्यास्तानंतर त्याच्या तावदानांतून वीज निघत नाही. मग भार मुख्यतः औष्णिक केंद्रांवर येतो. चंबळेच्या काठी कोटा येथे १९८३ साली असे पहिले संच सुरू झाले. अशा केंद्रांसाठी दगडी कोळसा छत्तीसगढसारख्या दूरच्या प्रांतांतून आगगाडीने आणावा लागतो. एक युनिट विजेसाठी अर्ध्या किलोग्रॅमहून अधिक कोळसा जळतो. आपल्या कल्पित घरातील ४६७ युनिटे सर्वस्वी कोळशाचीच असती, तर वर्षाकाठी सव्वादोनशे किलोग्रॅमहून अधिक कोळसा एका रिकाम्या मेजापुढे जळाला असता.

कधी मोठे गणित रात्रभर चालवावयाचे असते, कधी माहितीची प्रत उतरवून ठेवावयाची असते. अशा वेळी संगणक अवश्य जागा ठेवावा. ते काम आहे. इतर वेळी तो दहा-पंधरा मिनिटांत आपोआप झोपेल अशी सोय त्यातच असते. ती एकदा करून ठेवावी, आणि रात्री निजण्यापूर्वी तो बंद करावा.

सम्राटयंत्र उभारणाऱ्यांनी सेकंदांचा हिशेब दगडात कोरला. आपल्या घरातील मापकही रात्रंदिवस सेकंदांचाच हिशेब ठेवीत असतो. त्यावर अधूनमधून नजर टाकण्याची सवय आपण लावून घ्यावयास हवी.