‘प्रोमिथियस’ : सेट भक्कम, गोष्ट भुसभुशीत

१९७९ च्या ‘एलियन’मध्ये अवाढव्य खुर्चीत दगड होऊन बसलेला एक परग्रहवासी दिसतो. सेट हवा तेवढा मोठा वाटेना, म्हणून दिग्दर्शक रिडली स्कॉट यांनी स्वतःच्या दोन पोरांना बारके अंतराळपोशाख चढवून तिथे उभं केलं. पोरं मोठी माणसं वाटली आणि सेट आपसूक वाढला! तो परग्रहवासी कोण, हे सिनेमाने सांगितलंच नाही. म्हणून तर तो डोक्यात राहिला.

२०१२ मध्ये ‘प्रोमिथियस’मधून त्याचीच पूर्वकथा सांगायला स्कॉट बारा-तेरा कोटी डॉलर घेऊन बसले. पैसा पडद्यावर दिसतो, यात वाद नाही. नुसत्या हेल्मेटमध्ये दिवे, नऊ छोटे पडदे आणि नटाचा जीव घुसमटू नये म्हणून दोन पंखे; बॅटऱ्या पाठीवर. मेलेल्या सहकाऱ्याच्या तोंडातून सापासारखं काहीतरी उसळतं, तेव्हा अभिनेत्री केट डिकीची किंकाळी अस्सल आहे, कारण काय होणार हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मायकल फासबेंडरने यंत्रमानव डेव्हिडची चाल ऑलिंपिकवीर ग्रेग लुगानिसच्या चालण्यावरून उचलली. सिनेमातलं सगळ्यात जिवंत पात्र हे यंत्रच!

घोळ कागदावर झाला. जॉन स्पाइट्स यांची पटकथा ‘एलियन’ला थेट भिडणारी होती, डेमन लिंडेलॉफ यांनी ती बदलताना धागे सैल सोडले. गुहेचा नकाशा काढणारी यंत्रं ज्याची, तोच भूगर्भशास्त्रज्ञ वाट चुकतो. जीवशास्त्रज्ञ फणा काढलेल्या जनावराला चुचकारतो. गंगाखेडच्या शिवारातलं शेंबडं पोरही असलं धाडस करणार नाही.

खरी कात्री मात्र शेवटी चालली. अनिल बिल्टू या भाषातज्ज्ञाने डेव्हिडसाठी मराठीचीही पूर्वज असलेल्या आद्य भाषेत संवाद रचले. झोपेतून उठलेला, माणसाला घडवणारा परग्रहवासी डेव्हिडला उत्तर देतो, असं दृश्य चित्रितही झालं. संकलनात त्याचं बोलणं उडालं. पूर्वरंगात ‘आपल्याला कुणी घडवलं?’ असा प्रश्न टाकायचा आणि उत्तररंगाआधीच आरती उरकायची, असं कीर्तन संत जनाबाईंच्या गंगाखेडात कुणी ऐकून घेईल का?

सिनेमाने जगभरात सुमारे चाळीस कोटी डॉलर कमावले. ऑस्करचं नामांकनही मिळालं, ते दृश्यपरिणामांसाठी. डिस्क हाती लागली, तर सिनेमा संपल्याबरोबर वगळलेली दृश्यं जरूर बघा.