'इनॉर्मस' म्हणजे नक्की केवढं?

'मोठा' म्हटलं की आपल्याला पटकन 'बिग' आठवतो. त्याहून मोठा असेल तर 'व्हेरी बिग', आणि तिथेच आपली गाडी अडते. म्हणून आज 'इनॉर्मस' हा शब्द पाहू. स्पेलिंग आहे ई-एन-ओ-आर-एम-ओ-यू-एस. अर्थ : प्रचंड, अवाढव्य.

हा शब्द मूळचा लॅटिन. लॅटिनमध्ये 'नॉर्मा' म्हणजे काटकोन तपासायचा सुताराचा गुण्या. त्यावरून 'नॉर्मा' म्हणजे नियम, ठरलेलं माप असा अर्थ आला. 'नॉर्मल' हा शब्दही त्यातलाच. सुरुवातीच्या 'ई'चा अर्थ 'बाहेर'. म्हणजे इनॉर्मस = मापाबाहेरचा!

आता वापर पाहू.

1) 'द ब्लू व्हेल इज ॲन इनॉर्मस ॲनिमल.' निळा देवमासा 30 मीटरपर्यंत लांब असू शकतो, म्हणजे एसटीच्या दोन बसगाड्यांपेक्षा लांब! शब्दाची सुरुवात स्वराने होते, म्हणून 'अ' नाही, 'ॲन' लावायचं.

2) न दिसणाऱ्या गोष्टींनाही हा शब्द चालतो : 'इनॉर्मस प्रेशर' (प्रचंड दडपण), 'इनॉर्मस लॉस' (प्रचंड नुकसान).

3) 'व्हेरी इनॉर्मस' लिहू नका. 'खूप' हा अर्थ शब्दातच आहे. जोर द्यायचाच असेल तर 'ॲब्सोल्यूटली इनॉर्मस' म्हणा.

4) उंच माणसाला 'टॉल' म्हणा. 'ही इज इनॉर्मस' म्हटलं तर समोरच्याला आपल्या जाडेपणावर बोललेत असं वाटेल. दूरवर पसरलेल्या वाळवंटाला 'व्हास्ट' जास्त शोभतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं! याचं नाम म्हणून 'इनॉर्मिटी' वापरताना जपून. माप ओलांडणं म्हणजे मर्यादा ओलांडणं, म्हणून या शब्दाला घोर दुष्कृत्याचा अर्थ आहे. 'द इनॉर्मिटी ऑफ द क्राइम' म्हणजे गुन्ह्याची भीषणता. हल्ली 'प्रचंड आकार' या अर्थानेही तो वापरतात, पण अनेक जाणकारांना ते खटकतं. त्यामुळे अभिनंदनाच्या पत्रात 'द इनॉर्मिटी ऑफ युवर सक्सेस' लिहिलंत, तर वाचणारा चमकेल! तिथे सरळ 'युवर इनॉर्मस सक्सेस' लिहा.

सराव : महापूर, सह्याद्रीचा कडा आणि आईचे कष्ट या तिन्हींवर 'इनॉर्मस' वापरून एकेक वाक्य वहीत लिहा. लिहून झालं की मोठ्याने वाचा आणि कुठे 'व्हेरी' घुसलंय का ते तपासा.