रोबो धानात उतरला, आपल्या कपाशीत कधी?

रोबो म्हटलं की आपल्याला सिनेमातला पत्र्याचा माणूस आठवतो. पण ऑगस्ट 2024 मध्ये व्हिएतनामला झालेल्या ‘आबू रोबोकॉन’ या आशिया-पॅसिफिक स्पर्धेचा विषय होता धानाची शेती! तिचं चित्रण मी आपल्या धामणगाव तालुक्यातल्या काही पोरापोरींसोबत पाहिलं. विद्यार्थ्यांनीच बनवलेलं एक यंत्र रोपं लावतं, धान काढतं. दुसरं, कोणीही न चालवता, भरला दाणा कोणता नि पोचट कोणता हे चेंडूच्या रंगावरून ओळखून कणगीत टाकतं. वेळ तीन मिनिटं. यंत्र अडलं तर मागे आणून पुन्हा सुरू करायचं.

हीच स्पर्धा 2008 साली पुण्यात झाली, तेव्हा विषय होता गोविंदा, आपली दहीहंडी. 2014 मध्ये ती पुन्हा पुण्यातच भरली. त्यात तंत्रनिकेतनाची मुलंही उतरू शकतात, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

पाहून झाल्यावर एक काका म्हणाले, ‘‘साहेब, पोट्टे खेळण्यातच वर्ष घालवतीन. अभ्यास कोण करन?’’

काकांचं चुकलं असं नाही. पण शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातला 2017 चा हंगाम आठवा. फवारणीतून विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले. वाढलेली कपाशी, पाठीवर पंप, नाकातोंडात औषध. माणसाच्या जागी चाकावरचा पंप तासातून गेला तर? हे खेळणं नव्हे. वेचणीचंही तसंच. बोंडं एकदम फुटत नाहीत, दोन-तीन वेचे करावे लागतात. फुटलेलं घ्यायचं, कच्चं सोडायचं. रंगीत चेंडू निवडण्यापेक्षा हे फार अवघड, पण जात तीच.

म्हणून गावात पाच-सहा जणांचा संघ करा. एकाला वायरिंग जमतं, एक वेल्डिंगच्या दुकानात बसतो, एकाला कॉम्प्युटर कळतो. मुली हव्यातच. निंदण-वेचणी बायाच करतात, अडचण त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक. सायकलची चाकं, गाडीच्या वायपरची जुनी मोटर, बॅटरी, एवढ्यावर सुरुवात होते. पहिलं काम सोपं ठेवा: पाच लिटर साधं पाणी घेऊन, झाड न मोडता, दोन तासांमधून सरळ जाणं. औषध मुळीच नको. मग 26 जानेवारीला गावागावांची चढाओढ लावा. बक्षीस नारळाचं असलं तरी चालेल.

सहावी ते बारावीच्या मुलांसाठी केंद्राच्या ‘अटल टिंकरिंग लॅब’ योजनेत शाळांना 20 लाखांपर्यंत अनुदान मिळालेलं आहे. ज्या शाळेत अशी लॅब आहे, तिथल्या पालकांनी एकदा विचारावं, कुलूप किती दिवसांनी उघडतं? तयार खोका आणून फोटो काढला की झालं, असं होऊ नये.

संघ झाला की आमच्याकडे या. यंत्र नसलं तरी हरकत नाही. येताना आपल्या वावरातलं माप आणा: दोन तासांतलं अंतर, सप्टेंबरातली झाडाची उंची, आणि पाऊस पडल्यावर किती दिवसांनी वावरात पाय ठेवता येतो ते.