छायाचित्रावरून लुटारू माशीची ओळख

शाळेच्या कुंपणावरील वाळक्या काटकीच्या टोकाशी, भर उन्हात, एक लांबट केसाळ माशी निश्चल बसलेली पुष्कळ शिक्षकांनी पाहिली असेल. एकाएकी ती झेप घेते, हवेतच एखादा कीटक धरते आणि बहुधा त्याच काटकीवर परत येते. हीच लुटारू माशी. द्विपंखी गणातील असिलिडी कुलात हिचा समावेश होतो. या कुलातील ७,००० हून अधिक जातींचे वर्णन झालेले आहे. भक्ष्याच्या अंगात सोंड खुपसून ती लाळ सोडते. त्या लाळेने भक्ष्य लुळे पडते, आतील भाग विरघळतो व तो रस ती शोषून घेते. हातात धरल्यास ती कडकडून चावते. म्हणून मुलांनी ती पकडू नये, छायाचित्र घ्यावे, हेच श्रेयस्कर.

मोबाइलमुळे असे छायाचित्र घेणे आता सुलभ झाले आहे. मुले चित्र दाखवून विचारतात, "गुरुजी, हिचे नाव काय?" येथे घाई करू नये.

प्रथम कुल निश्चित करावे. समोरून घेतलेल्या चित्रात दोन मोठ्या डोळ्यांमध्ये, माथ्यावर, स्पष्ट खळगा दिसतो. गोमाशीला तो नसतो. तोंडावर राठ केसांची दाढी असते आणि पाय काटेरी असतात. ही लक्षणे एकत्र आढळली की शंका उरत नाही.

फसगत होते ती सोंगाड्या जातींमुळे. आपल्या देशात आढळणारी हायपरेकिया वंशातील एक माशी लाकूड पोखरणाऱ्या काळ्या भुंग्यासारखी हुबेहूब दिसते. भुंग्याला चार पंख व माशीला दोन, हे पुस्तकात ठीक आहे. परंतु भुंग्याचे मागचे पंख पुढच्यांत अडकलेले असल्याने चित्रात ते मोजता येत नाहीत. अशा वेळी मिशा पाहाव्यात. भुंग्याच्या मिशा लांब व कोपरासारख्या वाकलेल्या असतात, माशीच्या आखूड.

वंश ओळखण्यासही मिशांचाच उपयोग होतो. ओम्मॅटियस व त्याच्या निकटच्या वंशांत मिशीच्या टोकावरील बारीक काट्याला पिसासारखे केस असतात. पंखांच्या कडेजवळील शिरांची रचनाही महत्त्वाची ठरते. म्हणून एक चित्र पुरत नाही. समोरून, वरून व बाजूने अशी निदान तीन घ्यावीत. बाजूच्या चित्रात पोटाचे टोकही यावे, कारण नर व मादी यांतील भेद तेथे दिसतो.

जातीचे नाव मात्र बहुधा चित्रावरून ठरत नाही. अनेक जातींतील भेद नराच्या जननेंद्रियांच्या सूक्ष्म रचनेत असतो व तो सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतो. मोबाइल एखादे लॅटिन नाव तत्काळ सुचवितो. पण ते साम्यावरून केलेले अनुमान असते. ते फळ्यावर लिहिले की मुलांच्या वहीत कायमचे जाते, आणि पुढे ते खोडावयास कोणी येत नाही.

तेव्हा तक्त्यावर चित्राखाली असे लिहावे: "लुटारू माशी, कुल असिलिडी, जाती अनिश्चित." खाली तारीख, वेळ, गाव, बसण्याची जागा आणि तोंडात भक्ष्य असल्यास ते कोणते, याची नोंद मुलांकडूनच करून घ्यावी. मूळ चित्रे न कापता जपून ठेवावीत. पुढे एखाद्या तज्ज्ञाने ती पाहिल्यास जातीची रिकामी जागा भरता येईल.