गच्चीवरील कुंडीतील स्ट्रॉबेरी : पाणी व्यवस्थापनाचे शास्त्रीय विवेचन

बीजशब्द : स्ट्रॉबेरी, गच्चीबाग, निचरा, बाष्पोत्सर्जन, क्षारता

प्रस्तावना :
महाराष्ट्रात स्ट्रॉबेरी म्हटले की महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर डोळ्यांसमोर येतो. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंची, थंड हिवाळी रात्री व पाण्याचा निचरा करणारी तांबडी जमीन या पिकास चांगलीच मानवली. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले. आता हे रोप शहरांतील गच्च्यांवरही कुंड्यांतून लावले जाते. तेथे पुष्कळ रोपे फळ धरण्यापूर्वीच दगावतात आणि त्याचे खापर सहसा अपुऱ्या पाण्यावर फोडले जाते. वस्तुतः जास्त पाण्यानेही रोप तसेच मरते. प्रस्तुत लेखात कुंडीतील पाणी, हवा, उष्णता व क्षार यांचा परस्परसंबंध स्पष्ट करून पाणी देण्याची योग्य पद्धत मांडली आहे.

१. रोपाची प्रकृती :
आजची बागायती स्ट्रॉबेरी हा दोन अमेरिकी जातींचा संकर होय. फ्रेझिए याने १७१४ मध्ये चिलीहून फ्रान्समध्ये आणलेली मोठ्या फळांची जात आणि उत्तर अमेरिकेतील जात यांच्यापासून तो युरोपात निर्माण झाला. १७६६ मध्ये द्युशेन याने त्याचे संकरित स्वरूप ओळखले. समशीतोष्ण प्रदेशातील हा वारसा असल्याने रोपाला मुळांभोवती गारवा लागतो. त्याची बहुतेक मुळे वरच्या १५ सें.मी. थरातच असतात. म्हणून वरचा थर सुकताच रोपाला ताण बसतो. याउलट, पाने जेथून फुटतात ते आखूड खोड मातीत गाडले गेले किंवा सतत ओले राहिले, तर कुजते. लागवड करताना हे खोड मातीच्या पातळीवरच राहील, याची दक्षता घ्यावी.

२. कुंडीतील पाण्याचे वर्तन :
शेतात जादा पाणी खोल झिरपते. कुंडीत मात्र केशाकर्षणामुळे तळाशी पाण्याने संपृक्त असा एक थर उरतो. छिद्रे मोकळी असली, तरी तो आपोआप वाहून जात नाही. या थराची उंची मातीच्या कणांवर अवलंबून असते, कुंडीच्या उंचीवर नव्हे. त्यामुळे उथळ कुंडीत मुळांसाठी हवेशीर जागा प्रमाणाने कमी उरते. तळाशी खडी किंवा विटांचे तुकडे भरल्याने निचरा सुधारतो, हा समज रूढ आहे. प्रत्यक्षात बारीक मातीतील पाणी खालच्या भरड थरात सहज उतरत नाही आणि संपृक्त थर उलट वर सरकतो. छिद्रावर खापराचा एक तुकडा पुरेसा आहे. खरा उपाय म्हणजे संपूर्ण मिश्रणच भुसभुशीत ठेवणे. त्यासाठी मातीत कोकोपीट, चांगले कुजलेले खत व जाड वाळू मिसळावी.

३. कोमेजण्याची दोन कारणे :
दुपारी पाने मलूल दिसली की पाणी घालण्याचा मोह होतो. परंतु हे लक्षण दोन परस्परविरुद्ध कारणांनी उद्भवते. पहिले कारण म्हणजे कोरडी माती. दुसरे कारण म्हणजे पाण्याने तुंबलेली तापलेली माती. तापमान वाढले की मुळांचे श्वसन वाढते, तर पाण्यात विरघळणारा प्राणवायू घटतो. अशा गुदमरलेल्या मुळांना सभोवती पाणी असूनही ते शोषता येत नाही. या अवस्थेत आणखी पाणी दिल्यास मूळकुजीला वाव मिळतो. म्हणून पानांकडे पाहून निर्णय न घेता मातीत बोटाचे दोन पेर खुपसून ओल तपासावी किंवा कुंडी उचलून तिचे वजन पाहावे. आर्द्र, निवांत रात्रीनंतर पहाटे पानांच्या दातेरी कडांवर थेंब दिसल्यास मुळे कार्यक्षम असून ओल पुरेशी आहे, असे समजावे. हे थेंब दव नसून मुळांच्या दाबाने बाहेर आलेले पाणी असते.

४. पाण्याचे प्रमाण व वेळ :
एक चौरस मीटरवर एक मि.मी. पाणी म्हणजे एक लिटर. रोपाचा पानोळा ३५ सें.मी. व्यासाचा असल्यास त्याचे क्षेत्र सुमारे ०.०९६ चौ.मी. भरते. दैनिक व्यय ४ मि.मी. धरल्यास सुमारे ४०० मि.लि., तर ७ मि.मी. धरल्यास सुमारे ६७० मि.लि. पाणी लागेल. ही आकडेवारी केवळ अंदाजासाठी आहे. ऊन, वारा व कुंडीचा प्रकार यांनुसार ती बदलते. मातीच्या कुंडीच्या भिंतींतून पाणी झिरपून बाष्पीभवन होते. त्यामुळे ती थंड राहते, पण लवकर सुकते. प्लॅस्टिकची कुंडी ओल टिकवते, परंतु उन्हात अधिक तापते.

पाणी सकाळी, बुंध्यालगत द्यावे. पाने व फळे भिजवल्यास राखाडी बुरशीला पोषक वातावरण मिळते. उन्हात पडलेल्या नळीतील गरम पाणी प्रथम बादलीत सोडावे. कुंडी विटांवर ठेवून तापलेल्या स्लॅबपासून वेगळी करावी आणि मातीवर भाताच्या पेंढ्याचे किंवा उसाच्या पाचटाचे आच्छादन करावे.

५. क्षारांचा प्रश्न :
स्ट्रॉबेरी हे क्षारांना अत्यंत संवेदनशील पीक आहे. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता १ डेसिसायमन प्रति मीटरच्या पुढे गेल्यास उत्पन्न घटू लागते. कुंडीतील पाणी उडून जाते, क्षार मात्र मागे राहतात. कूपनलिकेच्या क्षारयुक्त पाण्याने हा साठा झपाट्याने वाढतो व पानांच्या कडा करपतात. रोज थोडे थोडे पाणी शिंपडणे या दृष्टीने अहितकारक आहे. प्रत्येक वेळी तळातून थोडे पाणी बाहेर येईल इतके द्यावे आणि ताटलीत साचलेले पाणी लगेच ओतून टाकावे. साठवलेले पावसाचे पाणी यासाठी सर्वोत्तम होय.

६. उन्हाळ्याची मर्यादा :
महाबळेश्वर परिसरात लागवड प्रामुख्याने सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. विंटर डॉन, स्वीट चार्ली यांसारखे वाण लहान दिवस व थंडीत फुलतात. गच्चीवरही हाच हंगाम पाळणे हिताचे आहे. एप्रिल-मे महिन्यांत दिवसातून दोनदा पाणी देऊनही उष्णतेवर मात होत नाही. शेडनेटच्या सावलीत एखाद-दुसरे रोप जगवता येईल. परंतु पाणीटंचाईच्या काळात सर्व कुंड्या तगवण्याचा आग्रह समर्थनीय ठरत नाही. शहरातील पाणी प्रथम पिण्यासाठी असते.

समारोप :
कुंडीतील स्ट्रॉबेरीला पाणी देणे म्हणजे मुळांना ओल, हवा व गारवा एकाच वेळी मिळवून देणे होय. त्यासाठी घड्याळापेक्षा कुंडीचे वजन अधिक विश्वासार्ह आहे. महाविद्यालयाच्या गच्चीवर समान रोपांच्या काही कुंड्या रोज सकाळी-सायंकाळी वजन करून नोंदी ठेवल्यास विद्यार्थ्यांना बाष्पोत्सर्जन, केशाकर्षण व क्षारता या संकल्पना प्रत्यक्ष अनुभवता येतील, आणि पाण्याचा प्रत्येक लिटर कोठे जातो याचे भानही येईल.